कशालाच न टेकलेला खांब

जानराव म्हैसने याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये तो फिटर होता. मिल सहाला सुरू होई. पण यंत्रं फिरायला लागल्यावर बेअरिंगकडे बघणारा फिटर हा फिटर नव्हे, असं त्याचं मत होतं. म्हणून तो आधी जाई. बंद यंत्रांमधून फिरे, पट्टे बोटाने दाबून पाही, चाळण्यांचे नट आवळी, ग्रीस भरी. मग चहा.

रात्री साडेनऊला तो झोपे. घरी पाहुणे असोत, टीव्हीवर मॅच असो, साडेनऊ म्हणजे साडेनऊ. अर्धवट झोपेत पट्ट्याजवळ हात नेणारा एक माणूस त्याने नव्या नोकरीत पाहिला होता. त्यानंतर त्याने झोपेशी कधी खेळ केला नाही.

मी गवंडी. थापी धरण्यात माझा जन्म गेला, आता घरी आहे. जानरावचं घर माझ्या हातचं आहे, स्लॅबसकट. माणूस कामाआधी किती तयारी करतो यावरून मी त्याला ओळखतो. जानराव मला पहिल्या दिवशीच आवडला होता, कारण वीट येण्याआधी त्याने पाणी मारायचा पाइप आणून ठेवला होता. असे घरमालक थोडे.

अशा माणसाने निवृत्तीला वर्ष उरलं असताना आकाशाचे फोटो काढायचं मनावर घेतलं. त्याचं असं झालं.

त्याची मुलगी प्रणाली अमरावतीला दिलेली आहे. तिच्या वरच्या मजल्यावर मनोज नावाचे बँकेतले साहेब भाड्याने राहत. त्यांची बदली मुंबईला झाली आणि ते सामान आवरत होते. जानराव तेव्हा मुलीकडे गेलेला. कोणी सामान बांधत असेल तर जानराव खुर्चीवर बसून राहणं शक्य नाही. तो दोर घेऊन वर गेला. वर एका कोपऱ्यात हाताएवढी दुर्बीण आणि तिच्याखाली लोखंडी पायांवर बसवलेलं, मोटार लावलेलं एक जड यंत्र. जानरावने आधी यंत्राचे दाते पाहिले. मग विचारलं, हे कशासाठी.

साहेबांनी लॅपटॉप उघडून फोटो दाखवला. काळ्या आभाळात एक लाल फूल. पाकळ्या पिंजलेल्या कापसासारख्या.

"हे कुठचं?" जानरावने विचारलं.

"तुमच्या डोक्यावरचंच आहे काका. मृग नक्षत्र माहीत आहे ना? त्याच्या डाव्या अंगाला. रोझेट म्हणतात त्याला. हा तेजोमेघ आहे. हायड्रोजन वायूचा ढग. आत नवे तारे जन्मलेत, त्यांच्या तापानं तो स्वतःच्या उजेडानं चमकतो."

"मले तं कधी दिसलं नाई."

"डोळ्यांना नाही दिसत. फार फिकं आहे, आणि शहरातले दिवे त्याला गिळतात. पण हा फिल्टर लावला की दिसतं."

साहेबांनी रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी काच त्याच्या तळहातावर ठेवली. सगळ्या उजेडातून फक्त हायड्रोजनचा तेवढा लाल उजेड ही काच आत सोडते, बाकी बाहेर. दुसरी एक ऑक्सिजनची होती. तिसरी गंधकाची असते, ती साहेबांनी घेतली नव्हती. तिन्ही असल्या की तीन फोटोंना तीन रंग देऊन एक चित्र करता येतं.

जानरावने काच उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "म्हंजे चाळनी."

"हो, तसंच."

"तुरीच्या ढिगातून एकच दाना खाली पाडाचा. बाकीचा माल वरच्यावर."

"अगदी तसंच काका."

इथेच तो फसला. चाळणी म्हटलं की जानरावला वाटलं, हे आपल्या खात्यातलं काम आहे. साहेबांना मुंबईच्या फ्लॅटमध्ये दुर्बीण ठेवायला जागा नव्हती. त्यांनी कॅमेऱ्यासकट सगळं त्याला देऊन टाकलं म्हणायला हरकत नाही. जे काही थोडे पैसे त्यांनी घेतले, तो आकडा जानरावने बायकोला, सुभद्रावहिनींना, सांगितला नाही, मीही विचारला नाही.

सामान एसटीने अकोल्याला आलं. दुर्बीण त्याच्या मांडीवर, खालचं यंत्र पोत्यात. कंडक्टरने पोतं उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"काका, काय हाये याच्यात?"

"दुर्बीन."

"मंग मांडीवर काय हाये?"

"तेई दुर्बीनच. पोत्यात तिचं खालचं हाये."

कंडक्टरने पोत्याचं तोंड उघडलं. वर दुर्बिणीचा तोल राखायची गोल लोखंडी वजनं होती.

"हे तं वजनं हायेत! मार्केटात मापारी हाये का तुमी?"

"नाई बावा. हे तोलाले लागतात."

"तेच तं म्हनून राहिलो मी."

मूर्तिजापूर येईपर्यंत वाद चालला. शेवटी पोत्याचं तिकीट फाडलं गेलं, मापाऱ्याचं सामान म्हणून.

हे एप्रिलमधलं. अकोल्याचा एप्रिल ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. संध्याकाळी सात वाजता गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. अशा वेळी मी एकदा सहज जानरावकडे गेलो, तर सुभद्रावहिनी दारात बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. चेहरा लाल.

"कूलर बिघडला का?" मी विचारलं.

"बिघडला नाई मिस्त्रीभाऊ. वर गेला."

"वर कुठी?"

"जा अन् पाहून या. मले बोलता येत नाई, घसा सुकला."

वर गेलो. गच्चीच्या मधोमध तीन पायांवर दुर्बीण. तिच्यासमोर घरातला मोठा लोखंडी कूलर, वाळ्याच्या ताट्या पाण्याने निथळत, पंखा पूर्ण वेगात. दुर्बिणीवर असा वारा सुटला होता की मीही जरा तिकडे सरकलो.

"जानराव, हे काय करून राहिला?"

"कॅमेऱ्याले थंडी लागते. थंड नसला तं फोटोत मुंग्या येतात. त्याले सोताची थंड कराची मशीन हाये आतून, पन या गर्मीत ते बिचारी काय करन? मदत दिली तिले."

मला यात काही चूक दिसली नाही. वऱ्हाडात गरम झालं की कूलर लावतात. माणसाला लावतात, लग्नाच्या मांडवाला लावतात. मीही म्हणालो, बरोबर आहे. आम्ही दोघं कूलरसमोर बसलो आणि तासभर फार छान गेला.

फोटो आला. मध्ये उजळ ठिपका, भोवती पांढरं गोल वलय, त्याच्याभोवती आणखी एक फिकट वलय. जानराव उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, कूलरचंही असेल.

फोटो कॉलनीच्या ग्रुपवर गेला. गोवर्धन हा जानरावचा लागून शेजारी, मधली भिंत एकच. त्याची पिठाची चक्की आहे आणि कॉलनीच्या मंडळाचा तो अध्यक्ष आहे. त्याने लगेच सत्कार ठरवला. दुसऱ्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात जानरावला शाल आणि नारळ मिळाला. गोवर्धन भाषणात म्हणाला, "आपल्या कॉलनीतून असा फोटो आजपावतर कोनी काढला नाई." ते खरंच होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मनोजसाहेबांचा मुंबईहून फोन आला. जानरावने फोटो पाठवला होता.

"काका, दुर्बिणीजवळ पाणी होतं का?"

"पानी नाई. कूलर व्हता."

साहेब म्हणाले, "काका, कॅमेऱ्याची आतली काच बर्फासारखी थंड असते. तुम्ही तिच्यावर ओला वारा सोडला. तिच्यावर दव धरलं. हा फोटो दवाचा आहे."

सुभद्रावहिनी शेजारीच होत्या. फोन स्पीकरवर होता.

"म्हंजे शाल दवाची भेटली का तुमाले?" त्या म्हणाल्या.

शाल परत करायची कशी, हे कोणालाच माहीत नव्हतं. नारळ तर फोडून झाला होता. जानरावने शाल दुर्बिणीवर पांघरली, धूळ बसू नये म्हणून. तेवढाच तिचा उपयोग झाला.

पण वहिनींचा राग शालीवर नव्हता. होळी झाली की गच्ची बायकांची, हा आमच्याकडचा कायदा आहे. कुरड्या, पापड, शेवया, सांडया, सगळं वाळवण तिथे. त्या वर्षी मधोमध दुर्बीण उभी राहिल्याने वहिनींना कुरड्या गोवर्धनच्या गच्चीवर टाकाव्या लागल्या. परत आल्या त्या कमी आल्या. गोवर्धन म्हणे कबुतरं. पण पुढे दोन महिने गोवर्धनच्या घरातून जेवणाच्या वेळी कुरडई तळल्याचा वास येत होता.

तेव्हा वहिनींनी निकाल दिला. मी समोर होतो.

"आयका. या होळीचं जाऊ द्या, ते गेली. पुढच्या होळीपावतर टाइम देते. ते फूल मनता ना तुमी, ते मले दिसलं पायजे. मले ओळखू आलं पायजे. होळीच्या रात्रीपावतर नाई दिसलं तं हे तिपाई भंगारवाल्याले. गच्ची माही, कूलर माहा."

"अवो, भंगारात कसं—"

"किलोवर घेते तो. जड हाये, बरे पैसे येतीन."

फूलही तोवर रोज लवकर मावळू लागलं होतं आणि मे लागताच सूर्याबरोबर गेलं. मग पाऊस आला. शालीवर ताडपत्री आली. जानराव रोज मिलमधून आला की ताडपत्रीखाली हात घालून यंत्र सुकं आहे ना ते पाही. मुलाला ताप असला की कपाळाला हात लावतात तसं. मला ते जरा जास्तच वाटलं, पण तयारी चांगलीच असते.

हिवाळ्यात मृग वर आला. जानराव पुन्हा कामाला लागला आणि या वेळी नीट लागला. काचा कोरड्या, यंत्र समपातळीत, तारा हवा तिथे. दुर्बिणीच्या मोटारीने आकाशाबरोबर हळूहळू फिरत राहायचं, आणि कॅमेऱ्याने पाच-पाच मिनिटं उघडं राहून उजेड गोळा करायचा. एवढा वेळ दुर्बीण केसभरही हलता कामा नये. आणि ती हलत होती. फोटोत तारे ठिपक्यासारखे येत नव्हते, शेंगदाण्यासारखे येत होते. फूल तर पीठ सांडल्यासारखं.

एका संध्याकाळी त्याने मला बोलावलं. तोंड पडलेलं.

"मिस्त्री, एक गोष्ट बोलू का? राग नको मानू."

"बोल."

"तुहा स्लॅब हालते."

मी खाली बसलेलो, उभा राहिलो. "काय हालते?"

"स्लॅब."

"या स्लॅबवर ट्रॅक्टर नेऊन उभा कर. हालला तं माही मिशी काढून ठेवतो इथी."

"ट्रॅक्टराले हालनार नाई. ताऱ्याले हालते."

"मंग ताऱ्याले दुसरा गवंडी पाहा म्हना!"

मी जिना उतरून घरी गेलो. जेवलो नाही. माझ्या हयातीत एका घरमालकाने भिंत वाकडी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिलमधून तो परतायच्या वेळेला मी त्याच्या घरी गेलो आणि वहिनींकडे परात मागितली. गच्चीवर नेऊन ठेवली, काठोकाठ पाणी भरलं.

"पाहा आता," मी म्हणालो. "पानी खोटं बोलत नाई."

आम्ही दोघं परातीवर वाकून बसलो. पाणी आरशासारखं. मृग त्यात दिसत होता. मी जानरावकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. मग खालून गोवर्धनचा आवाज आला, "आना, टाका गहू!" आणि चक्की सुरू झाली. परातीत बारीक बारीक रेघा उठल्या. मृगाचे तारे फुटले.

चक्की थांबली. पाणी थांबलं. चक्की सुरू झाली. पाणी सुरू झालं.

"स्लॅब नाई," मी म्हणालो. "चक्की. मधली भिंत एक हाये, तुळई एक हाये. तिकडून इकडे येते."

"म्हंजे हालते तं."

"हालवते. हालत नाई. फरक हाये."

जानरावने तो फरक मान्य केला. मी त्या रात्री जेवलो.

गोवर्धनकडे आम्ही दोघं गेलो. चक्कीचा वेळ संध्याकाळी सहा ते साडेनऊ. नोकरीवाल्या बायका तेव्हाच दळण आणतात. आणि साडेनऊला जानराव झोपतो. त्या दिवसांत तुरीचा हंगाम ऐन भरात, मिल दोन पाळ्यांत, सुट्टी नाही. म्हणजे जानराव जागा असे तेव्हा चक्की चालू, आणि चक्की बंद होई तेव्हा जानराव झोपलेला.

"गोवर्धन, दोन दिवस संध्याकाळची बंद ठेव," जानराव म्हणाला.

गोवर्धन नखशिखांत पांढरा होता, पापण्यांवरही पीठ. "भाऊ, लोकं पीठ खातात. तारे काय खातात?"

"माही दुर्बीन भंगारात जाईन रे."

"तं आठ वाजता झोपून रात्री एक वाजता उठत जा."

"साडेचारले उठून बेअरिंगवर हात ठेवा लागते मले. तुले काय, तुहा पट्टा कवाबी तुटला तरी पीठच सांडते."

इथे भांडण होणार होतं. मी मध्ये पडलो आणि विचारलं, चक्की वर्षात कोणत्या संध्याकाळी बंद असते.

गोवर्धनने विचार केला. "दिवाळीले. अन् होळीले. होळी मीच पेटवतो ना कॉलनीची."

होळीला मिलही बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. पण होळी म्हणजे वहिनींनी दिलेल्या मुदतीची शेवटची रात्र, आणि आभाळात पूर्ण चंद्र. जानरावने मनोजसाहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, चंद्राचं टेन्शन घेऊ नका, हायड्रोजनची काच चंद्राचा बराचसा उजेड बाहेर ठेवते, म्हणूनच तर ती आहे. दिवस मावळला की फूल थेट डोक्यावर येईल, काम करा. धुराचं मात्र मी काही सांगू शकत नाही.

होळीच्या दिवशी जानराव साडेचारलाच उठला, सुट्टी असून. सकाळी त्याने दुर्बिणीचा एक एक स्क्रू तपासला. दुपारी चौकात जाऊन रचलेली होळी पाहिली, मूठभर माती हवेत सोडून वारा पाहिला. वारा मोर्णा नदीकडे होता. धूर आपल्याकडे येणार नाही.

संध्याकाळी मला जिन्याच्या तोंडाशी बसवलं. कोणाला वर येऊ द्यायचं नाही आणि मी स्वतः हलायचं नाही. हे काम सोपं वाटतं. करून पाहा. पाच मिनिटं पाठ खाजवायची नाही म्हटलं की पाठीला दुसरं काही सुचत नाही.

पण खरी अडचण स्वयंपाकघरात होती. गच्चीच्या बरोबर खाली वहिनी पुरण शिजवत होत्या. होळीला नैवेद्य लागतो. त्या पातेल्याशी उभ्या राहून जोर लावून पुरण घोटत, आणि ओटा चक्कीच्याच भिंतीला टेकलेला.

"हालू नको!" जानराव वरून ओरडला.

"मी कुठी हालून राहिली? पुरन घोटून राहिली!"

"तेच बंद कर! पाच मिनिटं!"

"पाच मिनिटांत लागते ते!"

"गॅस बंद कर!"

"तुमी तुमचे तारे बंद करा!"

मी जिन्यात. वर नवरा, खाली बायको, मधून सगळं बोलणं माझ्या डोक्यावरून. शेवटी असं ठरलं की एक फोटो, मग एक घोट. जानराव ओरडे, "झालं!" की खाली पळी फिरे. तो ओरडे, "धर!" की पळी थांबे. वहिनी पळी धरून पुतळ्यासारख्या उभ्या. त्यांचं तोंड मला जिन्यातून दिसत होतं आणि मी ते पाहायचं टाळत होतो. पण सांगायचं म्हणजे त्या हलल्या नाहीत. राग असूनही नाही. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. मला त्या दिवशी कळलं की त्या घरात काटेकोर माणूस एक नाही, दोन आहेत.

एक फोटो डफड्यांनी घालवला, पोट्टे वाजवत दारावरून गेले. एक फोटो माझ्या शिंकेने गेला. जानरावने तो पुन्हा लावला. मी नाक धरून बसलो.

चौकात होळी पेटली. बोंबा सुरू झाल्या. खालून करपल्याचा वास आला, आणि त्याच वेळी वरून जानरावचा आवाज आला. हळू. "सुभद्रा, वर ये."

"आता हालू का?"

"हो. ये."

त्या पदराला हात पुसत वर आल्या. मीही मागून गेलो. लॅपटॉपवर सगळे चांगले फोटो एकावर एक ठेवून एक केला होता. तारे टाचणीच्या टोकासारखे. आणि मध्ये ते. काळंपांढरं, पण स्पष्ट. गोल, जाड काठ, काठावर खरबरीत सुरकुत्या. मधोमध मोठं भोक.

वहिनी जवळ वाकल्या. जानरावने श्वास धरलेला. खाली पुरण करपत होतं आणि कोणी हललं नाही.

"हे फूल हाये?" वहिनी म्हणाल्या.

"हो. रोझेट."

"फूल नाई हे."

"अवो, नीट पाहा. पाकळ्या—"

"फूल मी पाह्यलं नाई का कधी? हे फूल नाई." त्यांनी बोट पडद्यावरच्या भोकावर ठेवलं. "याले मधात भोक काहून हाये?"

"आतल्या नव्या ताऱ्यांनं फुंकून काढलं. वारा सुटते त्यायचा."

"मंग हे चाकोली हाये."

होळीसाठी आमच्याकडे शेणाच्या लहान चकत्या थापतात. मध्ये बोटाने भोक पाडतात, वाळवतात, दोरीत ओवून माळ करतात आणि होळीला घालतात. त्यांना चाकोल्या म्हणतात. मी पडद्याकडे पाहिलं. मला आता दुसरं काही दिसेना. काठावर बोटांचे ठसेसुद्धा तसेच.

जानरावचा चेहरा उतरला. अट फुलाची होती. वर्षभराची मेहनत आणि निघालं शेण. तो हळू आवाजात म्हणाला, "रंग नाई ना, म्हनून तसं दिसते. ऑक्सिजनचा काढाचा राह्यला. गंधकाची काच घेतली की तीन रंग होतात. ओव्हरटाइम त्याच्याचसाठी ठेवला हाये मी. लाल केलं की—"

"चाकोली लाल असते का कुठी?"

"नाई."

"मंग रंग कायले पायजे? हे ओळखू आलं मले. मी म्हनलं व्हतं, ओळखू आलं पायजे." त्या सरळ उभ्या राहिल्या. "एवढी मोठी चाकोली वर, अन् आपन खालीच थापत बसलो. राहू द्या तुमची तिपाई." मग जिन्याकडे वळून म्हणाल्या, "पन गच्ची उद्यापासून माही. अन् कूलरले हात नाई लावाचा."

त्या खाली गेल्या. तळाचं करपलेलं पुरण वेगळं काढलं. त्याच्या पोळ्या मला आणि जानरावला मिळाल्या.

आता प्रश्न राहिला तो जागेचा. दुर्बीण राहणार, पण गच्ची वहिनींची आणि भिंत चक्कीची. शिवाय एप्रिल लागला की सगळी कॉलनी गच्चीवर झोपते, त्यांचं येणं-जाणं, पोरांचं उड्या मारणं वेगळंच. जानराव आणि मी मागच्या अंगणात उभे राहिलो. मोरीच्या बाजूला हातभर रुंद मोकळी पट्टी आहे.

"जमिनीतून एक खांब काढ," जानराव म्हणाला. "गच्चीच्या वर कमरेएवढा. पन घराले कुठीच लागू द्याचा नाई. भिंतीले नाई, कठड्याले नाई."

असं काम मला कोणी सांगितलं नव्हतं. खांब म्हणजे काहीतरी उचलण्यासाठी. हा काहीच उचलणार नव्हता आणि कशालाच टेकणार नव्हता. मी विचार केला आणि होकार दिला. पण एक सांगितलं, इथली माती काळी आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वर चक्की बंद झाली तरी खालून माती खांब हलवेल. मुरूम लागेपर्यंत खोदावं लागेल. अर्ध्यात थांबायचं असेल तर आधीच सांग.

तो म्हणाला, मुरूम लागेपर्यंत.

मुरूम खूप खाली लागला. माझे हात आता तेवढे चालत नाहीत, म्हणून दोन मजूर लावले आणि मी वर बसून ओळंबा धरला. खांब आणि कठडा यांच्यात चार बोटांची फट ठेवली. मी माझी पूर्ण मजुरी घेतली. फुकट केलेल्या कामात हात सैल पडतो.

गोवर्धन रोज येऊन पाहायचा. "भाऊ, कितवा मजला चढवून राहिले? अन् बाकीचे तीन खांब कुठी हायेत?" काम झाल्यावर मी गच्चीवर पाण्याची परात ठेवली आणि वाटीभर पाणी खांबाच्या माथ्यावर. गोवर्धनला म्हणालो, जा, चक्की सुरू कर. परातीत रेघा उठल्या. वाटीत काही झालं नाही. गोवर्धनने वर येऊन दोन्ही पाहिलं आणि त्या दिवसापासून मजल्याचं विचारणं बंद केलं.

जानराव त्याच महिन्यात निवृत्त झाला. दिवस अजून साडेचारलाच सुरू होतो, बेअरिंग नसल्याने अंगणातल्या नळाचा नट आवळतो. गंधकाची काच आली नाही, तेजोमेघ अजून काळापांढराच आहे. गच्चीवर या वर्षी कुरड्या कठड्यापासून कठड्यापर्यंत वाळल्या, आणि वहिनींनी वाळवणाच्या दोरीचं एक टोक बांधायला खांबाकडे हात नेला तेव्हा जानराव जिन्यात होता तिथून ओरडला. दोरी जिन्याच्या हुकाला बांधली गेली. शेवटच्या हंगामाचा सगळा ओव्हरटाइम सिमेंट, गिट्टी आणि सळयांत गेला, आणि त्यातला बराचसा जमिनीखाली आहे, दिसत नाही. वर दिसतो तो एक खांब. त्याच्यावर एक दुर्बीण, आणि दुर्बिणीवर सत्काराची शाल.